वरच्या अव्रामचं वजन

शाळेकडून आलेलं पाकीट प्रोद्रोमोस तोपालीदीसने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत फोडलं, आणि तिथूनच त्याची साडेसाती सुरू झाली. खरं तर पाणीपुरवठा कार्यालयात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, की सरकारी कागद आधी एकट्याने, दार लावून वाचायचा असतो. पण ईस्टरचे उपास सुरू व्हायच्या आदला रविवार होता, तळमजल्यावर आईकडे सगळं घर जमलं होतं आणि चीज भरलेले कानवले कढईतून थेट ताटात पडत होते. अशा वेळी माणसाला आपल्या कुटुंबाविषयी फाजील विश्वास वाटायला लागतो.

शुक्रवारी वर्गात वाटलेली पाकिटं पोरांना रविवारी सापडली, तीही दहादा विचारल्यावर. पाकिटं दोन होती आणि दोन्हींवर नाव एकच होतं: अव्राम तोपालीदीस, इयत्ता चौथी.

हा घोळ आधी सांगायला हवा. मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं, यात आमच्या ग्रीसमधल्या कवाला गावात विचारण्यासारखं काही नसतं. म्हातारे अव्राम तोपालीदीस वारले तेव्हा दोन्ही सुना पोटुशा होत्या आणि दोघींना मुलगेच झाले. लाझारोस म्हणाला, थोरला मी, नाव माझ्या पोराला. प्रोद्रोमोस म्हणाला, बापाचं शेवटचं दुखणं मी काढलं, नाव माझ्या पोराला. दोघांपैकी कोणीही मागे हटेना, तेव्हा पाद्रीबाबांनी दोन्ही पोरांना दोन महिन्यांच्या अंतराने त्याच नावाने बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून काढलं आणि भांडण मिटवलं. म्हाताऱ्याने मरण्याआधी मुलांसाठी एकावर एक मजले बांधून ठेवले होते. पहिल्यावर लाझारोस, दुसऱ्यावर प्रोद्रोमोस. त्यामुळे एक झाला खालचा अव्राम आणि एक वरचा अव्राम. शाळेत दोघे एका वर्गात, एका बाकावर बसतात आणि एकमेकांच्या नावावर निम्म्या शिक्षा भोगतात.

लाझारोसचं टायरचं दुकान आहे. त्याचा आवाजही टायर बदलताना हाका मारून मारून मोठा झालेला. त्याने आपलं पाकीट फोडलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं वाचलं, "उंचीच्या आणि वयाच्या मानाने वजन योग्य. बीएमआय मर्यादेत. अभिनंदन! ऐकलंत? सरकार अभिनंदन करतंय!" मग त्याने पोराच्या पाठीत धपाटा घातला. "अरे बटाट्या, तू तर पैलवान निघालास की!"

प्रोद्रोमोसने आपलं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज बसला. "बीएमआय वीस. अपेक्षित मर्यादेच्या वर. कृपया बालरोगतज्ज्ञांना भेटावं." खाली अधोरेखित केलेलं आणखी एक वाक्य होतं, की ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे, घाबरून जाऊ नये. ते त्याने वाचलं नाही. अधोरेखित वाक्यं लोक वाचत नाहीत, हे पाण्याच्या बिलांवरून त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग पार्थेनाआजी कढईपाशी उभी राहून म्हणाली, "कोणी लिहिलंय ते? त्या बाईला पोरंबाळं आहेत का? थू, थू, थू! माझ्या वासराला दृष्ट लावली!" आणि तिने वरच्या अव्रामच्या ताटात आणखी दोन कानवले टाकले.

"पिंप!" लाझारोस आनंदाने ओरडला. "प्रोद्रोमे, तुझ्या घरात पिंप निघालं रे! पाणीपुरवठ्यातला माणूस तू, तुला पिंप मिळालं!"

सगळे हसले. वरचा अव्रामही हसला. खालचा अव्राम तेवढा ताटात बघत होता. पण त्या वेळी त्याच्याकडे बघायला प्रोद्रोमोसला सवड नव्हती. त्याला एवढंच दिसत होतं, की थोरल्या भावाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद आहे आणि तो त्याच्या बाजूने आहे.

घरी वर आल्यावर प्रोद्रोमोसने संगणकावर बीएमआयचा तक्ता शोधला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, येईल तो आकडा बघायचा. वीस हा आकडा हिरव्या पट्ट्यात राजासारखा बसलेला. प्रोद्रोमोसला इतका आनंद झाला, की त्याने बायकोला झोपेतून उठवलं.

"एवांथिया! चुकलेत ते! वीस म्हणजे उत्तम! पोरगा हिरव्यात आहे!"

"मी तेच म्हणत होते," एवांथिया डोळे न उघडता म्हणाली. "त्याच्या पँटी लांड्या होतात, घट्ट होत नाहीत. झोप आता."

सोमवारची सुट्टी त्याने कशीबशी काढली आणि मंगळवारी छापलेला तक्ता घेऊन मुख्याध्यापिकेसमोर जाऊन बसला. ती बाई शांत होती. अशा तक्त्यांसकट आलेला तो त्या सकाळचा चौथा बाप होता.

"हा मोठ्यांचा तक्ता आहे, तोपालीदीस साहेब," ती म्हणाली. "मुलांचा आकडा असा वाचत नाहीत. मुलं वाढत असतात. त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या इतर मुलांशेजारी त्यांना उभं करून बघायचं असतं. नऊ वर्षांच्या मुलाला वीस म्हणजे जरा जास्त. आता तुमच्यासारख्याला वीस म्हणजे..." तिने प्रोद्रोमोसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

हे सोडून दिलेलं वाक्य प्रोद्रोमोसला दिवसभर बोचत राहिलं. संध्याकाळी तो थ्रासोसच्या औषधाच्या दुकानासमोरच्या काट्यावर कोट, बूट, किल्ल्या सगळं काढून चढला. थ्रासोसने दारातूनच हिशेब केला. "एकतीस," तो म्हणाला. "तू तक्त्यात आहेस, पण अगदी कडेला आहेस. जरा सांभाळून, पडशील." शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या. त्यांनी ऐकलं नसेल, अशी आशा करण्यात अर्थ नव्हता, कारण त्यातली एक "माझ्या दिराचं पस्तीस आहे" असं त्याला धीर देत म्हणाली.

माणसाचा स्वाभिमान दुखावला की तो एकतर दारू धरतो नाहीतर योजना आखतो. प्रोद्रोमोसने योजना आखली. नवा वजनकाटा आणला. दाराच्या चौकटीवर फूटपट्टी चिकटवली. फ्रीजवर आहाराचा तक्ता लावला, त्यात तीन रंग. बालरोगतज्ज्ञाकडे जायचं तेवढं राहिलं, कारण डॉक्टरला आपण सुधारलेला मुलगा दाखवायचा, असा त्याचा बेत होता. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसं.

"हे सगळं त्याच्यासाठी आहे की लाझारोससाठी?" एवांथियाने विचारलं.

"आरोग्यासाठी आहे," प्रोद्रोमोस म्हणाला.

"मुलगा मला जाड दिसत नाही."

"तू आई आहेस. आईची नजर पुरावा म्हणून धरत नाहीत."

दाताच्या दवाखान्यात ती रोज लोकांना तोंड उघडायला लावते, घरी आपलं बंद ठेवायचं केव्हा हे तिला नेमकं कळतं.

मुहूर्त उत्तम होता, असं प्रोद्रोमोसला वाटत होतं. उपासाचे आठवडे म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. देवच आपल्या बाजूने तक्ता लावून बसलाय. पण एकादशी आणि दुप्पट खाशी हे जगात सगळीकडे सारखंच. आमच्याकडे उपासाला तिळाचा हलवा चालतो आणि त्या हलव्याचा एक तुकडा म्हणजे अर्धी बकरी. चालतात बटाटे, चालतात तेलातली वांगी, चालतं ऑलिव्हच्या तेलात न्हालेलं सगळंच. पार्थेनाआजी तर उपासाला इतका स्वयंपाक करते, की उपास सोडताना घरच्यांना जरा विश्रांती मिळते.

आठवड्याने प्रोद्रोमोसने पोराला काट्यावर उभं केलं, चौकटीला टेकवून उंची घेतली, आणि भागाकार केला. अठराच्या आत! वीसवरून अठराच्या आत, एका आठवड्यात! त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच. त्याने पोराला उचललं आणि स्वयंपाकघरात नाचवलं.

"बघितलंस? शिस्त! याला म्हणतात शिस्त!"

"बाबा, मला भूक लागलीय," वरचा अव्राम वरून म्हणाला.

"भूक लागणं चांगलं असतं. म्हणजे उतरतंय."

पुढचे काही दिवस प्रोद्रोमोसच्या आयुष्यातले सर्वांत भाग्याचे होते. कार्यालयात लोक त्याच्या खिडकीशी पाण्याचं कनेक्शन मागायला यायचे आणि आहाराचा सल्ला घेऊन जायचे. एरवी तो अर्जात वडिलांचं नाव नसलं तर माणसाला परत पाठवायचा. "अहो, या गावात चार योर्गोस पापादोपुलोस आहेत, मी कुठल्या पापादोपुलोसला पाणी देऊ?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आता त्यात एक भर पडली, "आणि पाव कमी करा." मीटर विभागातल्या पोलिक्सेनीने त्याचा तक्ता मागून घेतला, मनापासून पाळला आणि तिसऱ्या दिवशी बिलाच्या रांगेतल्या एका पेन्शनरावर जोडा उगारला. प्रोद्रोमोसने समजावलं, की सुरुवातीला असं होतं.

आणि मग आकडा चढायला लागला.

आधी थोडासा. मग आणखी थोडा. प्रोद्रोमोसने तक्त्यातली बटाट्याची ओळ खोडली, आकडा चढला. हलव्याची ओळ खोडली, आकडा चढला. काटा बिघडला असेल म्हणून तो बगलेत मारून थ्रासोसच्या दुकानात नेला, तर दोन्ही काटे जुळले. रस्त्यावरून काटा घेऊन परत येताना निम्म्या गल्लीने त्याला गाठलं. कोणी म्हणालं, पोराला थायरॉइड असेल. कोणी म्हणालं, हाडं जड असतील, तोपालीदीसांची हाडं जडच. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने सुचवलं, की काटा दाराजवळच्या वाऱ्यात ठेवू नकोस, वाऱ्याने वजन वाढतं. प्रोद्रोमोसने त्याला वेड्यात काढलं आणि घरी आल्यावर काटा दारापासून हलवला.

पार्थेनाआजीने आपल्या पद्धतीने निदान केलं. वाटीत पाणी घेऊन तिने त्यात तेलाचे थेंब सोडले, पुटपुटत जांभया दिल्या आणि थेंब पसरलेले पाहून म्हणाली, "बघ! दृष्टच आहे. माझ्यावर सोड. रोज संध्याकाळी पाठवत जा त्याला खाली. अभ्यासही होईल त्या दोघांचा."

अभ्यासाच्या नावाखाली खाली काय चालत असेल, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण ज्याच्या भिंतीवर तीन रंगांचा तक्ता असतो त्याला तेवढाच दिसतो. प्रोद्रोमोसला त्या दिवसांत एकच गोष्ट खुपत होती. पोरगा तक्रार करत नव्हता. समोर उकडलेला भोपळा आला की मुकाट्याने गिळायचा. रविवारी सगळ्यांसमोर लाझारोस "आलं का पिंप? खुर्ची बघून द्या रे!" म्हणायचा तेव्हा कसनुसं हसायचा. एकदा प्रोद्रोमोसने त्याला आरशासमोर शर्ट वर करून पोटाकडे बघताना पाहिलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं. आपण लहान असताना याच लाझारोसने आपल्याला गल्लीभर "बेडूक" केलं होतं, ते त्याला आठवलं. आता एकच उपाय होता. शिक्क्याचा कागद शिक्क्याच्याच कागदाने कापायचा. आकडा चढत असला तरी पोरगा अजून एकोणिसाच्या आसपास होता. म्हणजे सरकारी हिशेबाने उतरलेलाच होता! फेरमोजणी करून घ्यायची आणि तो कागद लाझारोसच्या कानवल्यांवर ठेवायचा.

शाळा म्हणाली, मोजणी वर्षातून एकदाच, आरोग्य केंद्रात विचारा. आरोग्य केंद्र म्हणालं, शाळेचं पत्र आणा. शाळेने पत्र दिलं, त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक घालणारी बाई रजेवर होती. ती आली तेव्हा केंद्राच्या खिडकीतल्या पोराने पत्र उलटसुलट करून सांगितलं, की मूळ कागदाची प्रत साक्षांकित हवी. प्रोद्रोमोसला राग यायला हवा होता, पण त्याला त्या पोराविषयी एक प्रकारचा आदरच वाटला. किती सफाईने परत पाठवलं! न रागावता, वर न बघता. आपल्याला ही पायरी गाठायला वर्षं लागली होती.

शेवटी ईस्टरच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी दुपारी झुंबुलियाबाईंनी वेळ दिली. झुंबुलियाबाई म्हणजे शाळांतून मुलं मोजत फिरणाऱ्या आरोग्यसेविका. चष्मा दोरीला, आवाज मऊ. गावातल्या प्रत्येक मुलाची उंची त्यांना तोंडपाठ, असं म्हणतात. त्यांनी वरच्या अव्रामला बूट काढून काट्यावर चढायला सांगितलं. त्याने चढण्याआधी बापाकडे एकदा पाहिलं, आणि प्रोद्रोमोसला वाटलं, बिचारा घाबरलाय.

"एकोणीस," झुंबुलियाबाई म्हणाल्या.

"म्हणजे उतरलाय!" प्रोद्रोमोस खुर्चीतून उठला. "वीसवरून एकोणीस! लिहा. शिक्का मारा."

"थांबा. आधीची नोंद बघते." त्यांनी वही उघडली, बोट खाली नेलं आणि थबकल्या. "तोपालीदीस अव्राम. दोन आहेत इथे. वडिलांचं नाव?"

प्रोद्रोमोस पुन्हा खुर्चीत बसला. ज्या प्रश्नाने त्याने अख्ख्या गावाला हेलपाटे घालायला लावले होते, तो प्रश्न त्याने त्या पाकिटाला विचारलाच नव्हता.

"प्रोद्रोमोस," तो म्हणाला.

"मग तुमचा मुलगा तेव्हा उत्तम होता. अठराच्याही खाली. आम्ही अभिनंदनाचं पत्र दिलं होतं."

"आणि वीस?"

"दुसऱ्या मुलाचं मी तुम्हाला सांगू शकत नाही." त्यांनी वही मिटली. "पण तुमचा तेव्हा मर्यादेत होता आणि आता मर्यादेच्या वर गेलाय. पाच आठवड्यांत एवढं? घरी काही बदल झाला का?"

यावर काय सांगणार? फ्रीजवर तीन रंगांचा बदल झाला होता. प्रोद्रोमोसने घसा खाकरला, आणि शेवटी जे खरं होतं ते सांगून टाकलं: तक्ता, काटा, भोपळा, सगळं. झुंबुलियाबाईंनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलायचे थांबेनात.

"तोपालीदीस साहेब," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मुलाला उपाशी नाही ठेवायचं हो. त्याची उंची वाढतेय, ती वाढू द्या. घरात सगळेच जरा नीट खा, त्याला पळू द्या, पोहू द्या. एकट्यासाठी वेगळं ताट मांडलं की पोर दुसऱ्याच्या ताटात जेवतं. शरद ऋतूत परत आणा. आणि तुम्हीही या."

शिक्क्याचा कागद मिळाला. त्यावर दोन्ही नोंदी होत्या आणि वडिलांचं नाव होतं. बाप-लेक बंदराच्या कडेने घरी निघाले. प्रोद्रोमोसच्या मनात शरम होती, पण तिच्याही वर आनंद तरंगत होता. मूळची चूक शाळेची! पिंप खालचा होता! आज संध्याकाळी आईच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, लाझारोसच्याच आवाजात वाचायचं. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता.

"बाबा," वरचा अव्राम म्हणाला, "रागावणार नसशील तर एक सांगू?"

"सांग."

"शाळेची चूक नव्हती. आम्ही पाकिटं बदलली."

प्रोद्रोमोस उभा राहिला. पाठीमागून येणारी सायकल त्याला वळसा घालून, शिवी देऊन गेली.

"मागच्या मैदानात आम्ही ती फोडली," पोरगा बुटाकडे बघत सांगत होता. "त्याने त्याचं वाचलं आणि रडायलाच लागला. काका त्याला बटाटा म्हणतो ना, फुटबॉलच्या पोरांसमोरसुद्धा. कागद आला असता तर काकाने रोज म्हटलं असतं. नाव तर एकच आहे. मग मी म्हटलं, माझं घे. परत चिकटवलं."

"आणि काका तुला पिंप म्हणाला ते?"

"ते खोटं होतं ना. खोटं लागत नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "सुरुवातीला नाही लागलं. नंतर कधीकधी लागायचं. मग मी आरशात बघायचो, की अजून खोटंच आहे ना."

"आणि माझा विचार? मला काय वाटेल?"

"तू ओरडत नाहीस, बाबा. तू तक्ते करतोस."

ही स्तुती होती की काय, ते प्रोद्रोमोसला आजवर ठरवता आलेलं नाही.

"आणि मग वजन कसं वाढलं रे, माझ्या राजा?"

"तू मला भोपळा द्यायचास. त्याला वाईट वाटायचं. म्हणून तो रोज संध्याकाळी आपलं अर्धं ताट मला द्यायचा. आणि आजीला वाटायचं दोघांना पुरलं नाही, मग ती परत वाढायची." पोराने बापाच्या बाहीला धरलं. "सांगणार आहेस का काकाला?"

प्रोद्रोमोस समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. पाणीपुरवठ्याच्या माणसाने भर बंदरावर रडणं बरं दिसत नाही. नऊ वर्षांच्या पोराने तोंड वाकडं न करता भोपळा गिळला, रविवारमागून रविवार टोमणे झेलले, आणि एकदाही "मी नव्हे" म्हटलं नाही. हा आपलाच मुलगा आहे का, याची त्याला जरा शंका आली. मग वाटलं, म्हाताऱ्या अव्रामवर गेला असणार. नाव ठेवण्यात तेवढा फायदा.

संध्याकाळी आईकडे पालकभात होता आणि हलव्याची अख्खी वीट. लाझारोस आधीच येऊन बसला होता. प्रोद्रोमोस दारात दिसताच त्याने चमचा ताटावर वाजवला.

"या, या! काय म्हणाली मग बाई आपल्या पिंपाला?"

एवांथिया, आजी, लाझारोसची बायको, सगळ्या वळून बघायला लागल्या. दोन्ही अव्रामांनी चावायचं थांबवलं. खालचा तर इतका पांढरा पडला, की ताटातला भात त्यापेक्षा हिरवट दिसावा. प्रोद्रोमोसच्या कोटाच्या आतल्या खिशात तो कागद होता, शिक्क्यासकट, वडिलांच्या नावासकट. एक वाक्य बोललं असतं तर आयुष्यभराचा बेडूक फिटला असता. ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकाशी आलं, चांगलं जुळवलेलं, खणखणीत. पोराने पाच आठवडे पोटात ठेवलं, ते बापाला एक संध्याकाळ ठेवता येऊ नये?

"वाढलंय," प्रोद्रोमोस म्हणाला आणि खुर्चीत बसला.

लाझारोस इतका हसला, की त्याला ठसका लागला. "वाढलंय! पाच आठवडे गवत खाऊन वाढलंय! अरे, तुझ्या तक्त्यावर तर गाढवही लठ्ठ होईल!"

"माझ्यावर गेलाय."

"ते दिसतंच आहे!"

"उद्यापासून मी त्याला कालामित्साच्या किनाऱ्यावर नेणार आहे," प्रोद्रोमोस भात कालवत म्हणाला. "रोज. पळायचं, आणि पाणी जरा तापलं की पोहायचं. तुझ्याही पोराला दे बरोबर."

"माझ्याला कशाला? माझ्याला काय धाड भरलीय? माझ्याकडे सरकारचा कागद आहे!"

"माहितेय मला. सोबतीला दे. माझ्याबरोबर एकट्याला कंटाळा येतो."

लाझारोसने छाती फुगवून विचार केला. भाऊ पडलेला दिसला की त्याचं मन मोठं होतं. "घेऊन जा," तो म्हणाला. "तुझा पोरगा त्याच्याकडे बघून तरी काही शिकेल."

"शिकेल," प्रोद्रोमोस म्हणाला, आणि हे गिळायला भोपळ्यापेक्षा अवघड गेलं.

"आणि तू काय करणार, किनाऱ्यावर बसून मोजणार?" एवांथियाने विचारलं. ती त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होती.

"मीपण पळणार."

"थू, थू, थू," पार्थेनाआजी म्हणाली, "पळून आलात की भूक लागेल," आणि हलव्याला सुरी लावायला उठली.

टेबलाखाली कोणाचा तरी छोटा पाय हळूच येऊन प्रोद्रोमोसच्या पायावर टेकला आणि तिथेच राहिला. दोघांपैकी कुठल्या अव्रामचा, ते त्याने वाकून पाहिलं नाही.